मधली जाळी नसेल तर?

धमनीतील रक्त केशवाहिन्यांच्या जाळीतून शिरेत येते, असे आपण वर्गात शिकवतो. ही जाळीच नसेल तर?

लंडनचे विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये असे रुग्ण वर्णिले. उपचारासाठी रक्त काढताना पाते शिरेतून धमनीत घुसले होते. दोन्ही जोडल्या गेल्या. शीर फुगली, बोटांना थरथर जाणवू लागली.

मेंदूत असा गुंता जखमेविनाही होतो. धमनीचा दाब थेट शिरांवर येतो. त्या फुटल्यास पक्षाघात, प्रसंगी मृत्यू.

मग गुंता काढूनच टाकावा? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ चाचणीत, न फुटलेल्या गुंत्यावर शस्त्रक्रियादी उपाय केलेल्यांतच पक्षाघात व मृत्यू अधिक आढळले. मात्र ती पाहणी सरासरी तीन वर्षांहूनही कमी काळाची होती. गुंता जन्मभराचा असतो. म्हणूनच विशीतल्या आणि सत्तरीतल्या रुग्णाला एकच सल्ला देता येत नाही.