नोंदीची सनद

हदीस समोर आली की मुहद्दिस आधी विचारत, हे तुला कुणी सांगितले? मजकूर कितीही चांगला असो, सांगणाऱ्यांची साखळी म्हणजे इस्नाद तपासल्याशिवाय तो मान्य होत नसे. कोणता रावी कुठला, कधीचा, कुणाला प्रत्यक्ष भेटला, याच्या नोंदींतून ‘अस्मा-उर्-रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. वैद्यकातही ही सवय दिसते. रय आणि बगदादच्या रुग्णालयांचे प्रमुख असलेले अबू बक्र अल्-राझी (मृत्यू सुमारे 925) रुग्णांची टिपणे ठेवत. सिरसामच्या काही रुग्णांचे त्यांनी रक्त काढले, काहींचे मुद्दाम काढले नाही आणि दोघांतला फरक पाहिला. ते टिपण ‘अल्-हावी’ या ग्रंथात आहे.

आज या कामाला जैववैद्यकीय माहितीशास्त्र असे जड नाव आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण चाकण-शिक्रापूर पट्ट्याला लागूनच आहे.

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून केईएमच्या संशोधन केंद्राने परिसरातल्या 22 गावांची कायमची नोंद सुरू केली. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक माणसाला ओळख क्रमांक. कार्यकर्ते ठरावीक काळाने दारात येतात आणि कोण जन्मले, कोण वारले, कुणाचे लग्न झाले, कोण राहायला आले, कोण गाव सोडून गेले, हे टिपतात.

याचा उपयोग काय? दवाखान्याला फक्त दवाखान्यात आलेला माणूस माहीत असतो. घरीच दगावलेले बाळ त्याच्या फायलीत नसते. ‘शंभरांत किती’ हे सांगायचे तर आधी शंभर कोण ते माहीत हवेत.

या पायावर मोठ्या चाचण्या झाल्या. गोवराची लस सुईऐवजी फवाऱ्याने श्वासातून देता येईल का, हे इथल्या परिसरातल्या सुमारे 2000 बाळांवर तपासले गेले. 2015 मध्ये निष्कर्ष आला : फवाऱ्याने 85.4 टक्के बाळांत प्रतिपिंडे आढळली, सुईने 94.6 टक्के. सुई कायम राहिली. जुलाबाच्या रोटाव्हायरसवरची भारतीय लस ‘रोटाव्हॅक’ दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे मिळून 6799 बाळांवर तपासली गेली. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण दिसले. 2016 पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. आज आपल्या घरातल्या बाळाला तो डोस फुकट मिळतो, त्यामागे या गावांतल्या आयांनी दिलेली संमती आहे.

आता खरा प्रश्न. हा पट्टा झपाट्याने बदलला. मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कामगार एका खोलीत पाच-सहा जण राहतात, कंत्राट संपले की दुसरीकडे जातात. त्यांत आपले लोक बरेच आहेत. वढूच्या पद्धतीत येण्या-जाण्याचीही नोंद होते, म्हणून ते निदान दिसतात. त्या गावांच्या बाहेर, चाकण-चिखलीच्या भाड्याच्या खोल्यांत, ते कोणत्याच वहीत नसतात. जो नोंदीत नाही, त्याचा आजार संशोधनाला कळत नाही.

दुसरीकडे, 2019-20 पासून आपल्या मोहल्ल्यांत कुणी दारात येऊन नाव विचारले तरी माणसे धास्तावतात. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण दार लावून घेतले तर नुकसान आपल्याच मुलांचे आहे. दार उघडावे आणि मुहद्दिसांचा प्रश्न विचारावा : तुम्ही कुणाकडून आलात? ही माहिती कुणाच्या हाती जाईल? माझे नाव आणि माझा आजार वेगळे ठेवणार का? मी नंतर नाही म्हणू शकतो का? संमतिपत्र वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावावे. प्रामाणिक संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही, कारण त्याच्या आकड्यालाही सनद लागतेच. आणि जो उत्तर टाळतो, त्याची रिवायत आपल्या बुजुर्गांनीही घेतली नसती.