हजरत उमर यांचे कुरण

गायरान म्हटले की हल्ली दोनच शब्द आठवतात, अतिक्रमण आणि नोटीस. पण सामायिक जमीन राखायची कोणी आणि कोणासाठी, हा प्रश्न फार जुना आहे.

इस्लामपूर्व अरबस्थानात बलाढ्य सरदार हिरवे रान दिसले की ते स्वतःसाठी राखून ठेवी. उंचवट्यावर कुत्रे भुंकवायचे आणि आवाज जाईल तिथवरची चराई आपली म्हणायची, असे सांगतात. या राखीव रानाला 'हिमा' म्हणत. इतरांना तिथे बंदी. त्याची जनावरे मात्र इतरांच्या रानातही मोकाट चरत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही मक्तेदारी मोडली. पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्व माणसे भागीदार आहेत, अशी त्यांची शिकवण हदीसमध्ये येते. हिमा उरली, ती सार्वजनिक कामापुरती. मदिनेजवळचे नकीअ हे रान घोड्यांसाठी राखले गेले.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत (इ.स. 634 ते 644) रबजा येथे हिमा झाली. अशाच हिमेवर त्यांनी हुनय या आपल्या मुक्त गुलामाला नेमले. त्याला दिलेली ताकीद सही बुखारीत आहे. तिचा सारांश असा: थोडे उंट, थोड्या शेळ्यामेंढ्या असलेल्याला आत येऊ दे, अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र नको. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना खजुरीच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली, तर तो लेकरे घेऊन माझ्या दारी येईल. तेव्हा सोने-चांदी देण्यापेक्षा आज पाणी आणि गवत देणे मला सोपे.

ज्यांना अडवले ते दोघे थोर सहाबी होते, हे लक्षात घ्या. शिवाय तिथल्या टोळ्यांना ही जमीन आपली वाटते, आपण जुलूम करतो असे त्यांना वाटते, हेही उमर यांनी त्याच ताकिदीत कबूल केले.

आपल्याकडे 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्याने दिलेली जमीन, आधीपासूनची शाळा, दवाखाना, अशा बाबींसाठी त्यात अपवादाची वाट ठेवली. अंमलबजावणीत मात्र भूमिहीनाची झोपडी आधी दिसते, धनदांडग्याचे कुंपण उशिरा.

गायरान असो, ईदगाहचे मैदान असो वा कब्रस्तान, ती अमानत आहे. तिच्या राखणदाराने रोज एक प्रश्न विचारावा: आज मी कोणाला अडवले, आणि कोणाला आत सोडले?