भाडेकरूचे नाव

घर भाड्याने देताना मालकाने कोणाची निवड करावी, हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा आहे. भाडे वेळेवर मिळेल काय आणि जागा नीट राखली जाईल काय, एवढ्यापुरतीच चौकशी त्यात अभिप्रेत असावी. भारतीय नगरांचा अनुभव मात्र निराळा आहे. ऐपतीचा प्रश्न येथे मागाहून येतो. आधी नाव विचारले जाते.

या दृष्टीने १९१७ सालचा बडोद्यातील प्रसंग मुळातूनच पाहण्याजोगा आहे. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेले भीमराव आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर ते एका पारशी मुसाफिरखान्यात गेले. तेथे वस्तीला कोणी नव्हते आणि व्यवस्थापकाला चार पैसे हवे होते. तरीही केवळ पारशांसाठी असलेल्या त्या वास्तूच्या नोंदवहीत पारशी नाव लिहिणे भाग होते. उभयतांच्या संमतीने तसे नाव लिहिले गेले. रोज दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडेही आसरा मिळाला नाही. पहिल्याला नोकर निघून जाण्याची धास्ती होती. दुसऱ्याला पत्नीचे मन विचारायचे होते. कमाठीबागेत काही तास बसून आंबेडकरांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पुढे इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हा प्रसंग त्यांनी कोठेही आवाज न चढवता सांगितला आहे. येथे पैसा देणारा तयार होता आणि घेणाराही तयार होता. व्यवहार अडला तो नोंदवहीतल्या एका रकान्यापाशी.

मुंबईत ‘राजगृह’ उभे राहीपर्यंत याच आंबेडकरांचा संसार परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत झाला, हे या संदर्भात सूचक आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेला हा ट्रस्ट म्हणजे सार्वजनिक घरमालक होता. तेथे शेजार सोयीचा होता असे नव्हे. परंतु दार उघडायचे की नाही हे एका कुटुंबाच्या सोवळ्यावर अवलंबून नव्हते, आणि हा फरक लहान नाही.

खाजगी घरमालकाची वृत्ती कायद्याने बदलली नाही. एका अर्थी ती अधिक सावध झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीला आळा घालणारा कायदा आला. १९४७ च्या कायद्याने भाडे गोठवले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे दुष्कर केले. भाडेकरूला मिळालेले हे संरक्षण न्याय्यच होते. पण एकदा आत आलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहणार असेल, तर सगळी पारख उंबरठ्यावरच करणे ओघाने आले. त्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले, तरी ती पडद्याआड चालत राहिली. तिला मान्यता दिली ती महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. पागडीचा हिशेब अशा रीतीने उजेडात आला. भाडेकरू नाकारताना मालकाच्या मनात कोणते कारण होते, हे विचारण्याची तरतूद मात्र या दोन्ही कायद्यांत नाही.

कायद्याने न विचारलेला हा प्रश्न मराठी कथेने विचारला. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो. खोली शोधताना जात विचारली जाते, तेव्हा तो आपण मुंबईकर असल्याचे आवेशाने सांगतो. त्या आवेशात नव्या प्रजासत्ताकाचा सारा आत्मविश्वास आहे, आणि उत्तर टाळण्याची धडपडही आहे. समीक्षकांनी या कथेतील मारहाणीच्या शेवटाची पुष्कळ चर्चा केली. तिचा आरंभ खोलीच्या शोधात आहे, याकडे तेवढे लक्ष गेले नाही. बडोद्याच्या नोंदवहीत खोटे नाव लिहावे लागले होते. उधन्यात नोंदवही नाही, तेथे भाडेकरूला स्वतःच ती नोंद तोंडाने करावी लागते आणि पुढे रोज निभवावी लागते.