झोळीचं गणित

या शनिवारचा विषय जरा लटकता आहे. हल्ली ट्रेकला जाणारी मंडळी तंबूऐवजी हॅमॉक नेतात. मीही घ्यायचं ठरवलं आणि पाहिलं, तर प्रत्येकावर वजनाचा आकडा. इतक्या किलोपर्यंत चालेल, पुढे तुमचं तुम्ही बघा! मग म्हटलं, या आकड्यामागे आहे तरी काय?

हॅमॉक हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. 1492 साली कोलंबस तिथे पोचला तेव्हा ते लोक दोन टोकांना बांधलेल्या सुती जाळ्यांत झोपत होते. युरोपच्या खलाशांनी ही युक्ती उचलली, कारण बोट हलली तरी झोळीतला माणूस खाली पडत नाही. ब्रिटिश आरमारात तर माणशी 14 इंच रुंदीची जागा मिळे, आणि समुद्रात मेलेल्या खलाशाला त्याच्याच झोळीत शिवून पाण्यात सोडत.

आता गणित. (इंजिनिअरचा स्वभाव, काय करणार!) दोर आडव्या रेषेशी 30 अंशांत असेल तर प्रत्येक टोकावर तुमच्या वजनाइतका ताण येतो. 80 किलोचा माणूस, तर 80 किलो. तोच दोर ताठ ओढून 10 अंशांवर आणलात, तर प्रत्येक टोकाला साधारण 230 किलो! म्हणजे नुसतं वजन बघून भागत नाही. दोर सैल ठेवा, झोळीला पोट येऊ द्या. शिवाय आकड्यापेक्षा बरंच कमी वजन टाकावं, कारण आपण धपकन बसतो तेव्हा क्षणभर ताण आणखी वाढतो.

हे सगळं आपल्याकडच्या बायकांना कुणी न शिकवता ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातलं गेवराई तालुक्यातलं चकलांबा घ्या. हा सगळा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुलूख. विठ्ठलराव विख्यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो 1950 च्या सुमारास सुरू झाला. त्याच्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि ऊस तोडायला माणसं लागली. इकडे पाऊस बेभरवशाचा, त्यात 1972 चा दुष्काळ. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने निघायचं. हिशेबात त्या दोघांना मिळून म्हणतात 'एक कोयता'. त्यात पोराचा हिशेब कुठेच नसतो.

पोर सोबत असतंच. मग फडाच्या कडेला बाभळीच्या फांदीला नाहीतर गाडीच्या दांड्याला जुन्या लुगड्याची झोळी. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. तान्ह्याला दोन पदर पुरतात, पोर वाढलं की घड्या वाढवायच्या. झोळी खोल ठेवायची, म्हणजे पोर बाहेर येत नाही आणि दोरावरही ताण कमी! जमिनीपासून फार उंच नाही, पण कुत्र्याच्या तोंडाला लागेल इतकी खालीही नाही. वजनाचा आकडा कुठेही छापलेला नाही, तो आईच्या हाताला कळतो.

पण या झोळीचीही मर्यादा आहेच, आणि ती कापडाची नाही. पोर चालायला लागलं की झोळीत राहत नाही. मग ते फडात आईमागे फिरतं, नाहीतर गावी आजीकडे राहतं. थोडं मोठं झालं की धाकट्याची झोळी हलवायचं काम त्याच्याकडे येतं, आणि शाळा सुटते. पुढे साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहंही आली. ती चांगली चालली तिथे पोरं टिकली, नाही तिथे पुन्हा फडात गेली.

तेव्हा हॅमॉक घेताना आपलं वजन बघा, दोराचा कोन बघा. कोयत्याच्या हिशेबात मात्र झोळीचं वजन अजून कुणी धरलेलं नाही. साखर गोड लागते, त्यात हेही तोललेलं असायला हवं होतं. असो.