रूलिग
स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत एकाच रूपात लिहिले जाणारे विशेषण. डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये (उच्चार अनुक्रमे ‘रोली’ व ‘रूली’) त्याचा अर्थ ‘शांत, स्थिर’ असा आहे. स्वीडिशमध्ये मात्र ‘मजेदार, गमतीशीर’ असा. या भाषा बोलणारे परस्परांचे बोलणे बरेचसे समजू शकतात, म्हणूनच अशी फसवी जोडी अधिक चकवते.

शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्समधील ‘रो’, म्हणजे शांती, विसावा, या नामात आहे. आइसलँडिक व फेरोईज भाषांनी जुना अर्थ जपला. स्वीडिशमध्ये तो स्वस्थतेकडून सुखदतेकडे आणि तेथून करमणुकीकडे सरकला. रिकाम्या झालेल्या जागी ‘लुङ्न’ हे विशेषण रुळले. डॅनिशमध्ये गमतीसाठी ‘श्याउ’, तर नॉर्वेजियनमध्ये ‘मूरसोम’ वापरतात.

सर्वांत बोलका पुरावा नकारार्थी रूपाचा आहे. स्वीडिश ‘ऊरूलिग’ म्हणजे ‘कंटाळवाणा’ नव्हे, तर ‘चिंताग्रस्त, बेचैन’. मूळ शब्द बदलला, पण उपसर्ग लागलेल्या रूपात जुना अर्थ शाबूत राहिला. ‘रो’ हे नामही स्वीडिशमध्ये आजवर शांतीच दर्शवते, तर त्याच कुळातील ‘रूआ’ या क्रियापदाचा अर्थ ‘रिझवणे’ होतो.

नॉर्वेजियन माणूस घाईत असलेल्याला ‘ता दे रूली’, म्हणजे ‘सावकाश घे’, असे म्हणतो. डॅनिशमध्ये क्रियाविशेषण म्हणून हा शब्द ‘खुशाल, निर्धास्तपणे’ या अर्थानेही येतो. डेन्मार्कच्या फुटबॉल संघाचे सभ्य पाठीराखे 1980 च्या दशकात ‘रोलिगन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘हूलिगन’ला, म्हणजे दंगेखोर पाठीराख्याला, दिलेले हे डॅनिश उत्तर होते.