'लॉयटरिंग' म्हणजे नेमकं काय? नुसतं उभं राहणंही गुन्हा ठरतं का?

'नो लॉयटरिंग' अशी पाटी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. 'लॉयटर' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आहे, काही उघड काम नसताना एखाद्या जागी रेंगाळणं, घुटमळणं. 'द बॉईज वेअर लॉयटरिंग आउटसाइड द स्टेशन', म्हणजे पोरं स्टेशनबाहेर उगाच घुटमळत होती.

घोळ होतो तो 'लिंगर'शी, कारण मराठीत दोन्हींना 'रेंगाळणे' चालून जातं. पण चव जिभेवर रेंगाळते किंवा पाहुणे जेवणानंतर गप्पांत रेंगाळतात, तेव्हा 'लिंगर'. तिथे 'लॉयटर' म्हणालात तर पाहुण्यांना राग येईल! कारण या शब्दात संशय आहे. जुन्या ब्रिटिश कायद्यातला 'लॉयटरिंग विथ इंटेंट' हा शब्दप्रयोग गुन्ह्याच्या इराद्याने घुटमळण्यासाठी वापरला जात असे.

(बातम्यांतलं 'लॉयटरिंग म्युनिशन' मात्र वेगळं. लक्ष्य सापडेपर्यंत आकाशात घिरट्या घालणारं आणि मग त्यावर आदळणारं हे शस्त्र.)

पण 'उघड काम नाही' हे ठरवायचं कोणी? अमेरिकेतल्या शिकागो शहराने 1992 मध्ये टोळ्यांना आवर घालण्यासाठी एक नियम केला. टोळीतला वाटणारा कोणी इतरांसोबत विनाकारण उभा दिसला, तर पोलीस सगळ्यांनाच पांगायला सांगू शकत. न ऐकल्यास अटक. तीन वर्षांत 89,000 हून अधिक वेळा असे आदेश निघाले आणि 42,000 हून अधिक लोकांना अटक झाली. 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. कोणाचं थांबणं विनाकारण आहे, हे पूर्णपणे पोलिसांच्या मर्जीवर सोडलं होतं, हा त्यातला मुख्य आक्षेप.

मुंबईत हाच शब्द उलट्या बाजूने वापरला गेला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आलं. बाईने रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावंच लागतं, असं निरीक्षण त्यात आहे. पानटपरीवर तासभर उभ्या असलेल्या पुरुषाला कोणी काही विचारत नाही. बाई थांबली की ती कोणाची तरी वाट बघत असणार, असं धरलं जातं. त्यामुळे लेखिकांनी सुरक्षिततेसोबतच काही कारण नसताना बाहेर रेंगाळण्याचा हक्क मागितला.