बर्फात सायकल चालवायचीय? मग टायरच्या जाडीआधी त्यातली हवा बघा

मोटारसायकलसारख्या जाड टायरची सायकल रस्त्यावरून गेली की माणूस वळून बघतोच. आपल्याकडे ही फॅटबाईक स्टाईल म्हणून घेतली जाते. पण तिचा जन्म झाला बर्फात आणि वाळूत रुतणाऱ्या चाकांमुळे.

सुरुवात कुठून झाली?

अमेरिकेतल्या अलास्कात १९८७ मध्ये इडिटाबाईक नावाची सायकल शर्यत झाली. अंतर सुमारे ३२० किलोमीटर आणि रस्ता कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांचा, म्हणजे नुसता बर्फ. साध्या सायकलीचं चाक त्यात रुतायचं आणि मग उतरून ढकलत न्यावी लागायची.

मग अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात सायमन राकोव्हर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची 'स्नोकॅट' रिम आणली. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना वाळूसाठी त्याहून रुंद रिम आणि टायर बनवत होते. २००५ मध्ये मिनेसोटातल्या सर्ली कंपनीने ३.७ इंची टायरची 'पग्सली' बाजारात आणली आणि फॅटबाईक सगळीकडे पोचली.

जाड टायर नेमकं काय करतो?

उंटाचा पसरट पाय वाळूत रुतत नाही. इथेही तसंच आहे.

साधा हिशोब करू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, म्हणजे सुमारे २०० पौंड. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब. टायरमध्ये ४० पीएसआय हवा असेल तर दोन्ही चाकं मिळून जेमतेम ५ चौरस इंच जागेवर टेकतात. हवा ५ पीएसआयवर आणली की तीच जागा ४० चौरस इंच होते. वजन तेवढंच, पण आठपट जागेवर पसरलं. टायरच्या रबराचाही थोडा आधार असतो, त्यामुळे आकडा तंतोतंत येत नाही, पण तत्त्व हेच.

मग साध्या सायकलीतलीच हवा का कमी करायची नाही? कारण बारीक टायर लगेच चेपतो आणि रिम जमिनीला आपटते. इतक्या कमी हवेवर चालता यावं, यासाठी टायर जाड लागतो.

हवा किती ठेवायची?

दाबून घट्ट केलेल्या बर्फावर ६ ते ८ पीएसआयपासून सुरुवात करा. बर्फ मऊ असेल तर ५ किंवा त्याहून थोडी कमी. हवा फारच उतरली तर हँडल आपोआप एका बाजूला ओढायला लागतं.

आणखी एक गंमत. घरात २० अंशांना ८ पीएसआय भरलेली हवा बाहेर उणे २० अंशांत साधारण ५ वर येते. म्हणून सायकल बाहेर थोडा वेळ थंड होऊ द्या आणि मगच हवा तपासा. त्यासाठी कमी दाब नीट दाखवणारा गेज घ्या. रोड सायकलच्या पंपावर ५ आणि ८ मधला फरक कळतच नाही.

विकत घेताना काय बघायचं?

- टायर: घट्ट बर्फासाठी ४ इंच पुरतो, मऊ बर्फासाठी ४.५ ते ५ इंच.
- फ्रेम: आज ४ इंची टायर असेल, तर उद्या ५ इंची बसेल का, हे दुकानातच विचारा. फ्रेममध्ये जागाच नसेल तर नंतर काही करता येत नाही.
- ब्रेक: डिस्क ब्रेकच घ्या. रिमवर बर्फ साचला की रिम ब्रेक धरत नाही.
- खिळे: नुसत्या जाडीने निसरड्या बर्फावर पकड मिळत नाही. तिथे धातूचे बारीक खिळे बसवलेला टायरच लागतो.
- इलेक्ट्रिक असेल तर: थंडीत बॅटरी लवकर उतरते. बॅटरी घरात ठेवा आणि थंडगार असताना चार्जिंगला लावू नका.

चालवताना

गिअर हलका ठेवा, सीटवर बसून एकसारखं पेडल मारा. वळताना झुकू नका आणि पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. मागे एक इंचापेक्षा खोल चाकोरी उमटत असेल तर बर्फ सायकलसाठी फारच मऊ आहे. अशा वेळी परत फिरा, नाहीतर मागून येणाऱ्यांची वाट खराब होते. गुडघाभर ताज्या बर्फात तर फॅटबाईकही रुततेच.

खरा धोका घामाचा असतो. कपडे ओले झाले आणि तुम्ही थांबलात, की अंग झपाट्याने गार पडतं. म्हणून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घाला, जाड जॅकेट बॅगेत ठेवा. बोटं बधिर किंवा पांढरी पडली तर लगेच उबेला जा, बर्फाने चोळू नका. गोठलेल्या तळ्यावर जायचं तर बर्फाच्या जाडीची स्थानिक माहिती घेतल्याशिवाय उतरू नका.

मिनेसोटात किंवा कॅनडात असाल तर हे सगळं याच हिवाळ्यात कामी येईल. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मऊ वाळूतही हवेचं हेच गणित चालतं. डांबरी रस्त्यावर आलात की मात्र टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत हवा पुन्हा वाढवा, नाहीतर सायकल जड जाते आणि दोष बिचाऱ्या सायकलीला मिळतो.